तिकिटावरची म्हाळसा

उर्फ हा शब्द कानावर पडला की माझं डोकं अजून फिरतं. परवा नातीनं माझ्या पत्र्याच्या पेटीतून जुना पासपोर्ट बाहेर काढला, फोटोतल्या माझ्या कपाळभर कुंकवाला हसली, आणि तांबड्या शाईतली ओळ वाचून म्हणाली, "आजी, तू गँगस्टर होतीस का गं?" मी तो तिच्या हातून हिसकावून घेतला. पोरीला वाईट वाटलं असेल. वाटू दे. त्या एका ओळीपायी दोन घरांनी माझे जे हाल केले ते हसत हसत सांगण्यासारखे नाहीत. म्हणून इथं लिहून ठेवते. कुणाची भीड ठेवणार नाही. ज्यांची ठेवायची ते सगळे गेले, आणि होते तेव्हा त्यांनी तरी माझी कुठं ठेवली होती?

माझं नाव यमुना. अण्णा, म्हणजे माझे वडील, धाराशिवला शाळेत भूगोल शिकवायचे. पाकिटावर पत्ता लिहिताना ते उस्मानाबाद लिहीत आणि बोलताना धाराशिव म्हणत, पण ते मागाहून येईलच. मी मॅट्रिक झाले तेव्हा आमच्या आळीत मॅट्रिक झालेली दुसरी मुलगी नव्हती. अण्णांनी ते सर्टिफिकेट काचेत बसवून भिंतीवर लावलं, आलेल्या-गेलेल्याला चहाच्या आधी ते दाखवायचे. आणि एवढं कौतुक करून मग काय केलं? अणदूरच्या एका मोठ्या शेतकरी घरात देऊन टाकलं. मुलगा इंजिनियर होता, जर्मनीला एका कारखान्यात तीन वर्षं काम शिकायला निघाला होता, एवढ्यावर अण्णा भुलले. नकाशात जर्मनी दाखवताना त्यांची पट्टी नेहमीच जरा जास्त वेळ तिथं थांबायची.

लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवीन नाव लिहितात, तेव्हा ह्यांनी काय लिहिलं ते गर्दीत मला दिसलंच नाही. बायकांनी माझ्या तोंडात साखर कोंबली आणि म्हणाल्या, "म्हाळसाबाई, घ्या नाव!" मला वाटलं, मागं कुणी म्हाळसाबाई उभ्या आहेत. मी मान वळवून पाहिलं तर सगळा मांडव हसला. अणदूर खंडोबाचं गाव, म्हाळसा त्याची बायको. आमच्या घरात थोरल्या सुनेला हेच नाव, असं एका बाईनं मला कानात सांगितलं. माझं नाव आवडतं का, ठेवायचं का, हे कुणी विचारलं नाही. अंगावरचा परकर बदलावा तसं नाव बदललं, आणि जुनं कुठं टाकलं त्याचाही पत्ता नाही.

हे अकरा दिवसांनी मुंबईला गेले आणि तिथून बोटीनं पुढं. कारखाना बायकोच्या विमानाचे पैसे देणार होता, पण एकदाच, आणि कागदपत्रं झाल्यावर. तोवर मी अणदूरला. पहाटे जात्याची घरघर, मग काटवटीत भाकरी थापल्याचा आवाज, गोठ्यात धारेचा, आणि ह्या सगळ्यावर सासूचा, "म्हाळसेऽ!" मी चुलीपुढं बसलेली असायची आणि ढिम्म हलायची नाही. खरं सांगते, मुद्दाम नव्हे. सतरा वर्षं ज्या हाकेला ओ दिली ती हाक तिथं कुणी मारतच नव्हतं. पहिला आठवडा आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, सोसलं. दुसऱ्या आठवड्यात शेजारणीला सांगितलं, "सून भैरी दिलीय मास्तरानं. फसवलं आमाला." तिसऱ्या आठवड्यात त्यांना कळलं की मी बहिरी नाही, आणि मग तर विचारूच नका. "बहिरी असती तर परवडली असती, ही शिकल्याली हाय, मस्तवाल हाय." हुलग्याचं माडगं माझ्या ताटात पळीभर कमी पडायला लागलं. घरात आत्याबाईंना दीर वैनी म्हणत, पोरं आई म्हणत, मामंजी तर "अगं ए" म्हणत. त्यांना नाव असेल असं माझ्या मनातही आलं नाही. मला त्यांचा भयंकर राग यायचा. त्यांना माझा यायचा. निदान एवढ्या बाबतीत आमचं दोघींचं जमत होतं.

आखाडात नवी सून माहेरी जाते तशी मी धाराशिवला गेले, तेव्हा अण्णांनी पासपोर्टचा फॉर्म भरला. भिंतीवरचं सर्टिफिकेट उतरवून समोर ठेवलं आणि त्याच्याबरहुकूम नाव लिहिलं: यमुना. पुढं नवऱ्याचं नाव, आडनाव. पोलीस चौकशीला आला, अण्णांनी त्याला सर्टिफिकेट दाखवलं, चहा दिला. काही महिन्यांनी मुंबईहून जाड पुठ्ठ्याचा पासपोर्ट आला. इकडं अणदूरला मामंजी मला देवीची लस टोचायला तुळजापूरच्या डॉक्टरकडं घेऊन गेले. परदेशी जाणाऱ्यांना तेव्हा एक पिवळं पुस्तक लागायचं, आत इंग्रजी आणि फ्रेंच छापलेलं, त्यावर शिक्का असल्याशिवाय कुठला देश दारात उभं करायचा नाही. आठ दिवसांनी फोड बघून पुस्तक भरताना डॉक्टरनं नाव विचारलं. मी तोंड उघडायच्या आत मामंजी म्हणाले, "म्हाळसाबाई." मी गप्प बसले. दंड सुजून भोपळा झाला होता, म्हटलं नावाचं काय घेऊन बसायचं. तिथं बोलले असते तर पुढचं सगळं टळलं असतं, हेही कबूल करते.

दिवाळीनंतर तिकीट आलं. ह्यांनी ते तिकडून काढवलं होतं, बायकोचं नाव म्हणून त्यांना जे माहीत होतं तेच घातलं होतं. अकरा दिवसांत त्यांनी दुसरं नाव ऐकलं होतं कुठं? तिकीट म्हणजे आताच्यासारखा फोनवरचा ठिपक्यांचा चौकोन नव्हे. लांबट पुस्तक, आत कार्बन लावलेली तांबडी कूपनं, प्रत्येक टप्प्याला एक. सोबत मुंबईच्या कचेरीचं पत्र: पासपोर्ट, आरोग्याचं पुस्तक आणि तिकीट, तिन्हींवर नाव एकच हवं. नसेल तर विमानात घेता येणार नाही. संक्रांतीनंतरच्या आठवड्यातली जागा राखून ठेवली आहे. कारखान्याचंही खाली स्पष्ट होतं की ही वेळ चुकली तर पुन्हा खर्च मिळणार नाही. म्हणजे मी तीन वर्षं अणदूरला, त्या हाकेखाली. नवऱ्याच्या ओढीनं मी जीव टाकत होते असं मी म्हणणार नाही, अकरा दिवसांत कसली ओढ. मला फक्त तिथून सुटायचं होतं.

अण्णा पासपोर्ट घेऊन एसटीनं आले. ओसरीवर बसले, चहाला हात लावायच्या आधी तिकीट मागून घेतलं आणि चष्मा पुसून वाचायला लागले. त्यांचा चेहरा खुलला. "बघा पाहुणे," ते मामंजींना म्हणाले, "मुंबई ते बैरूत, बैरूत ते रोम एका देशाची कंपनी. रोमहून फ्रांकफुर्टला दुसऱ्याच देशाची. आणि तिकीट एकच! मागं हे बारीक छापलंय ना, ते सगळ्या देशांनी मिळून ठरवलेले नियम आहेत. काल एकमेकांवर बॉम्ब टाकत होते, आज एकमेकांच्या आभाळातून विमानं जाऊ देतात, एकमेकांची माणसं आपली म्हणून उचलून पुढं नेतात. कसं? एका टेबलाभोवती बसले, जरा तू सर, जरा मी सरतो म्हणाले." असलं भाषण ते वर्गातही करायचे. मी दाराआडून ऐकत होते आणि मला अगदी भरून आलं. मग अण्णांनी पान उलटलं आणि नावापाशी त्यांचं बोट थांबलं. "हे काय? ही कोण म्हाळसा?"

"आमची सून," मामंजी म्हणाले.

"माझ्या मुलीचं नाव यमुना आहे."

"व्हतं."

त्यानंतर चहावर साय धरली तरी कुणी पेला उचलला नाही. अण्णा म्हणत होते तिकिटावरचं नाव बदला. मामंजी म्हणत होते पासपोर्टावरचं बदला, सासरच्यास्नी न इचारता फॉर्म भरणारे तुमी कोण? अण्णा म्हणाले, मॅट्रिकच्या सर्टिफिकेटावर जे आहे ते तांदळात लिहून पुसलं जात नाही. मामंजी म्हणाले, खंडोबाच्या पायरीवर ठेवल्यालं नाव तुमच्या काचंतल्या कागदानं पुसत न्हाय. तिकीट बदलायला तिकडं पत्र, तिकडून उत्तर, पुन्हा मुंबई. संक्रांत कुठल्या कुठं गेली असती, हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी दोघंही हटेनात. मी आत उभी, हातात पिठाचा गोळा, आणि आतल्या आत जळत होते. जगातले देश सरले होते म्हणे. ह्या दोन म्हाताऱ्यांच्यानं अणदूरच्या ओसरीवर वीतभर सरवत नव्हतं.

शेवटी ठरलं की तुळजापूरच्या कचेरीत जाऊन विचारावं. तिथं झाडाखाली टेबल टाकून एक म्हातारे अर्जनवीस बसायचे, लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. निजामाच्या वेळचे, उर्दू शिकलेले, लाल मेंदीची दाढी. सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी तिन्ही कागद टेबलावर ओळीनं मांडले, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "अरे, इतकी सोपी बात आहे. हलफनामा करू, म्हणजे शपथेचा कागद. यमुना उर्फ म्हाळसाबाई. मुंबईला पाठवा, पासपोर्टात ते एक ओळ लिहून देतील. झालं. फक्त घरचा एक साक्षीदार पाहिजे, जो शपथेवर सांगेल की दोन्ही नावांची बाई एकच. दोन्ही नावं त्याच्या तोंडून आली पाहिजेत." माझा जीव भांड्यात पडला. पण तो भांड्यात राहिला किती वेळ? मामंजींचा चेहरा काळाठिक्कर पडला होता. कचेरीशेजारी पोलीस चौकी, चौकीच्या भिंतीवर फरारी इसमांची भित्तिपत्रकं. मामंजींनी तिकडं हात केला. "उर्फ? ते बगा. अमका उर्फ तमका, चार दरवडे. आमच्या सुनेला उर्फ लावता? आमच्या घरात कुणी दरवडेखोर हाय व्हय?" आणि अण्णांनी, ज्यांनी मामंजींच्या एकाही शब्दाला आजवर हो म्हटलं नव्हतं, त्यांनी मान डोलावली. "हे मात्र बरोबर बोललात. माझ्या मुलीला उर्फ लावणार नाही." सबंध वर्षात दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं, आणि तेही माझ्या वाटेत धोंडा टाकण्यासाठी!

घरी आल्यावर दोघं पुन्हा ओसरीवर बसले आणि एकमेकांची समजूत घालायला लागले, की पोरीला काही दिवस राहू द्या, तिकडं थंडी फार असते, वगैरे. तेव्हा माझा तोल गेला. मी पदर खोचला आणि उंबऱ्याबाहेर आले. सुनेनं ओसरीवर पाऊल टाकायचं नसतं, ते टाकलं. "अण्णा," मी म्हणाले, "तुमच्या गावाला दोन नावं चालतात. पाकिटावर एक, तोंडात एक. गाव दरोडेखोर झालं का? आणि मामंजी, तुमचा खंडोबा दरसाल नळदुर्गला मुक्कामाला जातो. नेताना दोन्ही गावचे मानकरी बसून लेखी करार करतात, अमक्या दिवशी नेतो, अमक्या दिवशी आणून पोचवतो. तुम्ही त्या बैठकीत पुढं बसता. देवाला कागद लिहून दिल्याशिवाय शीव ओलांडता येत नाही, तेव्हा देवाची अब्रू जात नाही. माझ्या एका कागदानं कुणाची जाते?" मामंजी उठून उभे राहिले. अण्णा म्हणाले, "यमुने, आत जा." मामंजी म्हणाले, "म्हाळसे, आत हो." एकाच वेळी. मी आत गेले आणि भाकरीची काटवट भिंतीवर आपटली. तिच्या काठाचा टवका उडाला, तो आत्याबाईंच्या पायाशी पडला. त्या दारामागं उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. त्यांनी तुकडा उचलला आणि काटवटीत ठेवला.

दोन दिवसांनी सकाळी मामंजी रानात गेल्यावर आत्याबाई लुगडं बदलून आल्या. "चल. कागद घे." मी विचारलं, कुठं? "तुज्या चाचाकडं." एसटीत त्या खिडकीपाशी बसल्या, मी कडेला. मला वाटलं, आता गोड काहीतरी बोलतील. कसल्या! नळदुर्गाचा फाटा मागं पडल्यावर त्या म्हणाल्या, "तुज्यासाठी न्हाय चालले. तू गेलीस काय, ऱ्हायलीस काय. माजा ल्योक तिथं एकटा खाणावळीत गिळतोय. उद्या तिथलीच एखादी घरात आणून उभी केली तर मी काय करू? तू निदान ओळखीची अवदसा." मी म्हणाले, "उपकार झाले." त्या म्हणाल्या, "फेड तिकडं भाकरी करून."

चाचांनी दोन प्रती लिहायला घेतल्या. एक मुंबईला, एक घरी ठेवायला. मग साक्षीदार. "बाई, तुम्ही हिच्या कोण?"

"सासू."

"ही कोण?"

आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलं नाही. "यमुना. आन म्हाळसा. येकच." माझं नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. नीट उच्चारलं त्यांनी, सगळ्या अक्षरांनिशी. म्हणजे वर्षभर ते त्यांच्या ध्यानात होतं.

"तुमचं नाव?"

"म्हाळसाबाई."

चाचांची लेखणी थांबली. "तिचं नाही, तुमचं विचारतो."

"माजंच सांगतीय. थोरली सून मीबी. माजी सासूबी म्हाळसाच व्हती."

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. चाचांनी दाढी खाजवली. "मग घोटाळा आहे. म्हाळसाबाई शपथेवर सांगते की यमुना हीच म्हाळसाबाई. तहसीलदारसाहेब म्हणतील, कोण कोणाची साक्ष देतं? तुमचं आधीचं सांगा. माहेरचं. तुम्हालाही उर्फ लावू."

चाचा थांबले. शेजारच्या टेबलावर कुणीतरी सातबाऱ्यावरून भांडत होतं. आत्याबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मला वाटलं लाजतायत. मग कळलं की त्या आठवतायत. नवव्या वर्षी लग्न झालं होतं त्यांचं, माहेर कधीच संपलं होतं, त्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "हौसा." आणि लगेच चाचांना, "लिवलंच पायजे का?"

"लिहिलंच पाहिजे," चाचा म्हणाले. त्यांनी लिहिलं, म्हाळसाबाई उर्फ हौसाबाई. आत्याबाईंनी दोन्ही प्रतींवर अंगठा दिला आणि शाई लुगड्याला न लागेल अशी पुसली. स्टँडवर मी त्यांना काहीतरी विचारायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, "घरात बोललीस तर बग. आन चाल लवकर, दुपारची गाडी चुकंल."

मामंजींना कळलं तेव्हा त्यांनी ताट भिरकावलं. आत्याबाई चुलीपुढून म्हणाल्या, "देवाचा करार करता तवा ताट न्हाय फेकत." बस्स. मामंजींनी स्वतःच ताट उचलून आणलं. अण्णांनी मुंबईहून परत आलेल्या पासपोर्टावरची तांबडी ओळ पाहून तीन महिने मला पत्र लिहिलं नाही, आणि लिहिलं तेव्हा पाकिटावर फक्त आडनाव घातलं. तेही गेले आता. भूगोल चांगला शिकवायचे, एवढंच म्हणते.

आत्याबाईंशी माझं त्यानंतर काही सूत जमलं असं समजू नका. निघायच्या दिवशीही त्यांनी माझ्या पिशवीतली शेंगाची चटणी काढून अर्धी ठेवून घेतली, ल्योकाला पुरंल एवढीच ने, म्हणाल्या. मीही वाकताना त्यांच्या पायाला हात लावला न लावला असं केलं. सांताक्रूझला एका अधिकाऱ्यानं तिन्ही कागद ओळीनं मांडले, चाचांनी मांडले होते अगदी तसे, आणि शिक्का मारला. बैरूत, रोम, फ्रांकफुर्ट. प्रत्येक ठिकाणी एक माणूस पुढं आला, एक कूपन फाडून घेतलं आणि मला पुढच्याच्या ताब्यात दिलं. कुणी विचारलं नाही की तू नेमकी कोण.

दीड वर्षानं निळं हवाई पत्र आलं, मामंजींच्या हातचं. हे कारखान्यात होते, मीच फोडलं. "आपली म्हाळसाबाई सोमवारी वारली." मी ते उभ्यानं वाचलं आणि क्षणभर मलाच कळेना की कोण मेलं. मग खुर्चीवर बसले. संध्याकाळी हे आले, त्यांनी वाचलं, आणि मोठा माणूस लहान पोरासारखा रडला. मी जवळ गेले. तोंडातून निघून गेलं, "हौसा गेली."

त्यांनी डोळे पुसले, माझ्याकडं पाहिलं. "कोण हौसा?"

मी पेटी उघडली, पासपोर्टात घडी करून ठेवलेली चाचांची दुसरी प्रत काढली आणि त्यांच्यासमोर ठेवली.